स्वरलेखनातून निसटलेला हात

वादकाने वाजवलेले कागदावर उतरवायचे म्हणजे नेमके काय उतरवायचे? हा प्रश्न वरवर पाहता संगीताच्या वर्गातला वाटतो. ज्यांच्या वस्तीत संगीताचा वर्ग कधी भरला नाही त्यांनी त्यात का लक्ष घालावे, असेही कोणी विचारील. परंतु लिहिणारा कोण, ज्याचे लिहायचे तो कोण आणि लिहिताना गाळले काय जाते, हे प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकाला नवे नाहीत. तेच प्रश्न मी येथे एका गिटारवादकाच्या संदर्भात विचारणार आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. गेली बारा-तेरा वर्षे गिटारही वाजवतो, आणि या वादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या लिहून काढण्याचा उद्योग करतो. या लेखातील मते त्या उद्योगातून बनलेली आहेत.

वादकाचे नाव जँगो राइनहार्ट. १९१० साली बेल्जियममधील लिबेर्शी येथे एका भटक्या मानूश कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि १९५३ साली फ्रान्समध्ये तो वारला. १९३४ साली पॅरिसमध्ये स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने पाच जणांचा एक संच उभा केला. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बेस. तालवाद्य नाहीच; ताल धरायचा तो दोन साथीच्या गिटारांनी आणि बेसने. अमेरिकेतील काळ्या लोकांनी घडवलेला जॅझ आणि मानूश लोकांची तारवाद्ये यांच्या मिलाफातून जे संगीत जन्मले त्याला बाजारात 'जिप्सी जॅझ' म्हणतात. 'जिप्सी' हा शब्द परक्यांनी दिलेला आहे. हे लोक इजिप्तमधून आले अशा गैरसमजातून तो पडला, आणि अनेक रोमा लोकांना तो अपमानकारक वाटतो. फ्रान्समध्ये या शैलीला 'जॅझ मानूश' म्हणतात. मानूश म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेत माणूस. लोकांनी ठेवलेले नाव एक आणि स्वतःचे नाव नुसते 'माणूस', याचा अर्थ आपल्या वाचकाला फोड करून सांगायला नको. यापुढे मी मानूश हाच शब्द वापरीन.

१९२८ साली, जँगो अठरा वर्षांचा असताना, पॅरिसच्या सीमेवर सँ-तुआँ येथे त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. त्याची बायको विकण्यासाठी कृत्रिम फुले तयार करीत असे. ती फुले पेटली. जँगो जगला, पण त्याचा डावा हात भाजला. अनामिका आणि करंगळी आखडून आत वळली, ती पुन्हा पूर्ण उघडली नाहीत. गिटारवर डावा हात स्वर दाबतो आणि उजवा हात तार छेडतो. म्हणजे स्वर शोधणारा हातच निकामी झाला होता. सुमारे दीड वर्षाच्या आजारपणात त्याने उरलेल्या तर्जनीने आणि मधल्या बोटाने सारे वाद्य पुन्हा शिकून घेतले. पुढे ज्या एकल वादनाने तो जगभर ओळखला गेला ते जवळजवळ सगळे या दोन बोटांचे आहे. आखडलेली बोटे तो मुख्यतः साथीच्या स्वरसंगतीत, वरच्या तारा दाबण्यासाठी, जमेल तशी वापरीत असे.

जँगोवर लिहिणारा प्रत्येक लेखक ही हकिगत सांगतो. त्याच्या वादनाच्या स्वरलेखनाची पुस्तके निघाली त्यांच्या प्रस्तावनांतही ती असते. 'दोन बोटांचा चमत्कार' हा शब्दप्रयोग तर गुळगुळीत झाला आहे. माझा आक्षेप येथून सुरू होतो. प्रस्तावनेत ज्या दोन बोटांची आरती होते ती दोन बोटे आतल्या पानांवर अनेकदा सापडत नाहीत. आतले लेखन चार निरोगी बोटांच्या हाताचे असते. कुठला स्वर कुठल्या तारेवर घ्यायचा हे लेखनकाराने स्वतःच्या हाताच्या सोयीने ठरवलेले असते, आणि ते त्याने ठरवले आहे हे तो वाचकाला सांगत नाही. वाचक समजतो की जँगोने असेच वाजवले.

ही बाब ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडी उलगडतो. पेटीवर एक स्वर एकाच पट्टीवर असतो. गिटारवर तसे नाही. गिटारला सहा तारा असतात. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी, अशी मोजणी आहे. सतारीसारखे पडदे असतात, ते दांडीवर पहिल्यापासून पुढे मोजतात. पहिली तार मोकळी छेडली असता जो स्वर निघतो, तोच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही आहे. स्वर एक, जागा चार. आणि प्रत्येक जागी तो कुठल्या बोटाने दाबायचा हा पुढचा प्रश्न. या साऱ्या निवडींना गिटारवाले फिंगरिंग म्हणतात. मी तिला बोटांची मांडणी म्हणतो.

पाश्चात्त्य पाच रेघांची स्वरलिपी फक्त स्वर आणि काल सांगते, जागा सांगत नाही. दुसरी एक पद्धत आहे, तिला टॅब म्हणतात. तिच्यात सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे असतात. टॅब जागा सांगते, पण बोट सांगत नाही. ध्वनिमुद्रिका मात्र यांतले काहीच लिहून देत नाही, ती नुसती वाजते. म्हणून ध्वनिमुद्रिकेवरून टॅब लिहिणारा माणूस प्रत्येक स्वराला एक अनुमान करीत असतो. अनुमान करण्यात काही गैर नाही, इतिहासाचा सारा धंदाच अनुमानावर चालतो. गैर आहे ते अनुमानाला वस्तुस्थितीचा पोशाख घालणे.

यावर उत्तर ठरलेले असते. स्वर बरोबर आहेत ना? मग कुठून का वाजवेना, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे एका उदाहरणाने दाखवता येते. उदाहरण जँगोच्या एखाद्या विशिष्ट वादनातले नाही, या शैलीत वारंवार येणाऱ्या एका आकृतीचे आहे.

जँगो आणि ग्रापेली यांची 'मायनर स्विंग' ही १९३७ साली मुद्रित झालेली रचना या शैलीत शिकणारा प्रत्येक जण वाजवतो. अशा रचनेत ई सेव्हन ही स्वरसंगती आली की वादक जी शार्प, बी, डी, एफ या चार स्वरांची शिडी चढतो. या चार स्वरांत प्रत्येक दोहोंमधले अंतर सारखे, तीन पडद्यांचे असते. चार बोटांच्या हाताने ती शिडी जागा न सोडता वाजवता येते. सहाव्या तारेवर चौथा आणि सातवा पडदा, पाचवीवर पाचवा, चौथीवर तिसरा आणि सहावा, तिसरीवर चौथा, दुसरीवर तिसरा आणि सहावा, पहिलीवर चौथा आणि सातवा. दहा स्वर झाले. हात तिसऱ्या ते सातव्या पडद्यांच्या आत राहिला. शिक्षकाला ही मांडणी नीटनेटकी वाटते.

आता दोन बोटांनी हीच शिडी पाहा. सहाव्या तारेवर चौथा पडदा तर्जनीने, सातवा मधल्या बोटाने. मग पाचव्या तारेवर पाचवा आणि आठवा, चौथीवर सहावा आणि नववा, तिसरीवर सातवा आणि दहावा. दुसरीवर हात दोन पडदे सरकतो, नववा आणि बारावा. शेवटी पहिलीवर दहावा आणि तेरावा. प्रत्येक तारेवर दोनच स्वर, तीच दोन बोटे, तेच अंतर. आणि प्रत्येक तारेगणिक हात दांडीवर तिरपा वर सरकत जातो. स्वर दहा नव्हे, बारा मिळाले. पहिले दहा स्वर दोन्ही मांडण्यांत अगदी तेच आहेत. पाच रेघांच्या लिपीत लिहिले तर त्या दहा स्वरांत कोणालाही फरक दिसणार नाही.

परंतु कानाला फरक आहे. कारण उजवा हात. या शैलीचा उजव्या हाताचा एक कडक नियम आहे: नव्या तारेवर जाताना पहिला आघात खालच्या दिशेनेच करायचा. प्लेक्ट्रम तारेवरून खाली येतो आणि पुढच्या तारेवर टेकतो. त्यामुळे खालचा आघात जड, भरीव होतो आणि वरचा हलका. विजेचा ध्वनिवर्धक नसताना, दोन साथीच्या गिटारांच्या गजरात एकट्या गिटारचा आवाज पोचवायचा तर हीच रीत उपयोगी होती. आता दोन बोटांच्या मांडणीत आघात कसे पडतात ते पाहा: खाली-वर, खाली-वर, खाली-वर, शेवटपर्यंत. जड-हलके, जड-हलके अशी एकसंध चाल. चार बोटांच्या नीटनेटक्या मांडणीत मात्र काही तारांवर दोन स्वर आहेत आणि काहींवर एकच. तेथे आघात पडतात खाली-वर, खाली, खाली-वर, खाली, खाली-वर, खाली-वर. वजन भलत्याच स्वरावर पडते. ते टाळायचे तर उजव्या हाताचा नियम मोडावा लागतो, आणि नियम मोडला की आवाजाचा भरीवपणा जातो. म्हणजे डाव्या हाताची मांडणी बदलली की उजव्या हाताची लय बदलते. स्वर कायम ठेवूनही संगीत बदलता येते, ते असे.

मग ध्वनिमुद्रिकेवरून मूळ मांडणी शोधायची कशी? हे काम अशक्य नाही, ते पुराव्याचे काम आहे. पहिला पुरावा नादाचा. जाड तारेच्या वरच्या पडद्यावर घेतलेला स्वर गोल आणि काहीसा बसका असतो, बारीक तारेच्या खालच्या पडद्यावर तोच स्वर चकचकीत येतो. दुसरा पुरावा मोकळ्या तारेचा. मोकळी तार दाबलेल्या तारेहून वेगळी वाजते आणि हात दुसरीकडे गेल्यावरही गुंजत राहते. वेगवान ओळीत मोकळी तार ऐकू आली की समजावे, हाताने त्या क्षणात जागा बदलली आहे. तिसरा पुरावा घसीटीचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे एकाच तारेवर, एकाच बोटाने होते, त्यामुळे घसीट जेथे ऐकू येते तेथे तार आणि बोट दोन्ही नक्की होतात. जँगोच्या वादनात लागोपाठच्या पडद्यांवरून सरसर धावणाऱ्या ओळी येतात, त्या एकाच बोटाच्या धावेतून निघतात. त्या चार बोटांनी सुट्या सुट्या वाजवल्या की सफाई येते, पण ती धाव जाते. चौथा पुरावा आघाताच्या वजनाचा. जड आघात बहुधा तार बदलल्याची खूण असते. पाचवा पुरावा हाताच्या मर्यादेचा. दोन बोटांना जे अंतर त्या वेगात गाठता येणार नाही ती मांडणी, कागदावर कितीही सुबक असो, बाद करावी लागते.

पूर्वी हे काम करणारे लोक तबकडी निम्म्या वेगाने फिरवीत. वेग निम्मा झाला की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो, ओळ सुटी सुटी ऐकू येते. आज संगणकावर स्वर न उतरवता वेग कमी करता येतो. म्हणजे साधनांची सबब उरलेली नाही. शिवाय १९३८-३९ च्या सुमाराचा एक छोटा चित्रपट उपलब्ध आहे. त्यात हा संच 'जातांद्रे' हे गाणे वाजवतो आणि जँगोचा डावा हात जवळून दिसतो. चित्र आणि ध्वनी जुळलेले आहेत. तो हात दांडीवर कसा तिरपा धावतो हे एकदा पाहिले की चार बोटांच्या चौकोनात बसवलेली टॅब पुन्हा विश्वासाने वाचवत नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याचा विचार केला पाहिजे. विद्यार्थी विचारतात: जँगोला दोन बोटे होती ती अपघाताने. आमची चारही बोटे धड आहेत. आम्ही त्याच्या जखमेची नक्कल का करावी? मीही म्हणतो, करू नये. जखमेची पूजा मला मान्य नाही. दुःखाला अलंकार बनवणारी समीक्षा आपण साहित्यात भरपूर पाहिली आहे, तिला आपण विरोध केला आहे. पण येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी कसे वाजवावे, हा एक. त्याने कसे वाजवले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माझ्या हाताने द्यावे, दुसऱ्याचे पुराव्याने. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी छापणे ही लबाडी आहे, मग ती अजाणता झालेली का असेना. त्याच्यानंतरच्या वादकांनी हा गोंधळ केलेला नाही. अल्सासमधील मानूश कुटुंबात १९६६ साली जन्मलेला बिरेली लाग्रेन किंवा नेदरलंड्समधील सिंती वादक स्टोकेलो रोझेनबर्ग दोन बोटांवर अडून बसत नाहीत. तरीही ती तिरपी चाल आणि उजव्या हाताचा तो नियम या परंपरेने सोडलेला नाही. जखम तेवढी जँगोची होती. तिच्यातून सापडलेली वाट सर्वांची झाली. ती वाट कुटुंबात, काका-मामांच्या समोर बसून, बोटांकडे पाहत शिकली जाते. कागद नंतर येतो, किंवा येतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हाताचा हा तपशील गळतो कशामुळे? केवळ आळसामुळे गळतो असे मला वाटत नाही. मानूश वादकाविषयी एक समज युरोपात खोल रुजलेला आहे. संगीत यांच्या रक्तात असते, हे लोक शिकत नाहीत, यांना ते येतच असते. वरवर ही स्तुती आहे. तिच्या पोटात दुसरे विधान दडलेले आहे: यांना विचार करावा लागत नाही. जँगो शाळेत शिकलेला नव्हता. लिहिणे-वाचणे त्याला मोठेपणी आणि तेही थोडके आले. स्वरलिपी तो वाचीत नसे. वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना मनात जुळवल्या तेव्हा त्याने त्या तोंडी सांगितल्या आणि जेरार लेवेक या क्लॅरिनेटवादकाने त्या लिहून घेतल्या. ज्याला लिहिता येत नाही त्याला विचार करता येत नाही, असे मानणाऱ्या जगाला हा माणूस कोड्यात टाकतो. मग कोडे सोडवण्याचा सोपा मार्ग उरतो. त्याला चमत्कार म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

बोटांची मांडणी या चमत्काराच्या कथेला छेद देते. दोन बोटे उरल्यावर उभ्या चौकोनात बसून वाजवणे शक्य नाही, म्हणून तिरपे जायचे. तिरपे गेल्यावर प्रत्येक तारेवर दोन स्वर पडतात, म्हणून आघाताचे वजन आपोआप सम राहते. वरच्या पडद्यांपर्यंत हात सहज पोचतो, म्हणून ओळीचा पल्ला वाढतो. येथे एका अडचणीचे उत्तर शोधलेले दिसते, आणि त्या उत्तराचा पुढचा फायदा ओळखून तो वापरलेला दिसतो. यालाच विचार म्हणतात. तो वाक्यांत मांडलेला नाही, पडद्यांवर मांडलेला आहे, एवढेच. बोटांची मांडणी पुसली की त्या विचाराचा एकमेव लेखी पुरावा पुसला जातो. मागे उरतात स्वर, आणि स्वर ही तर रक्ताची देणगी ठरवता येते.

येथे इतिहासाचा अध्यापक म्हणून एक गोष्ट नोंदवतो. या लोकांच्या हातांची नोंद युरोपने केलीच नाही, असे नाही. १९१२ साली फ्रान्समध्ये भटक्यांविषयी एक कायदा झाला. त्यान्वये 'नोमाद' ठरवलेल्या, तेरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला एक शरीरमापन-पुस्तिका जवळ बाळगावी लागे. तीत उंची, डोक्याची लांबी-रुंदी, उजव्या कानाची लांबी आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची व करंगळीची लांबी लिहिलेली असे. बोटांचे ठसे असत, समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे असत. गावात आल्यावर आणि गाव सोडताना ती दाखवून शिक्का घ्यावा लागे. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, आणि नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार देणारी त्याची सुधारित आवृत्ती १९११ ची. फ्रान्सचा कायदा पुढच्याच वर्षीचा. ज्यांचे आजोबा-पणजोबा हजेरीला जात, त्या विमुक्त वाचकांना ही पुस्तिका ओळखीची वाटेल. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सने भटक्यांना छावण्यांत कोंडले. काही जण सुटले ते थेट १९४६ साली. शरीरमापन-पुस्तिका १९६९ पर्यंत राहिली. तिच्या जागी आलेली प्रवास-पुस्तिका पूर्णपणे रद्द व्हायला २०१७ साल उजाडले.

म्हणजे त्याच काळात, त्याच देशात, मानूश माणसाचे डावे मधले बोट किती लांब आहे हे सरकारला माहीत करून घ्यायचे होते, आणि त्याने कुठला स्वर दाबला हे मात्र स्वरलेखनाला महत्त्वाचे वाटले नाही. दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवा. पहिल्या नोंदीला संशय घेण्यासाठी हात हवा होता. दुसऱ्या नोंदीला कौतुकासाठी फळ हवे होते, हात नको होता. मला या दोन वृत्तींत वाटते तितके अंतर दिसत नाही. दोन्हींत तो हात स्वतः काय जाणतो हे विचारलेले नाही.

या प्रश्नाकडे माझे लक्ष जाण्याला घरचे कारण आहे. माझे चुलते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. आमच्या घरात वाजवणे होते, लिहिणे नव्हते. नवे गाणे बसवताना ते पुतण्याची बोटे स्वतःच्या बोटांनी छिद्रांवर दाबून ठेवीत आणि म्हणत, "हितनं जा, तिथनं गेलास तर दम पुरायचा नाही." 'हितनं' आणि 'तिथनं' यांत स्वराचा फरक नव्हता, वाटेचा होता. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी पुढे कागदाच्या जगात आलो. कागदाची ताकद मला ठाऊक आहे, तिच्यावाचून मी हा लेख लिहू शकलो नसतो. म्हणून कागद टाकून द्या असे मी म्हणणार नाही. कागदाने 'हितनं' लिहायला शिकावे, एवढी माझी मागणी आहे.

ती अवास्तव नाही. आपल्याकडच्या वाद्यांनी ती केव्हाच पुरी केली आहे. तबल्याचा बोल हे हाताच्या कृतीचे नाव असते. बोल म्हटला की कुठला हात, कुठे, कसा पडणार हे जाणकाराला कळते. सतारीचे 'दा' आणि 'रा' हे आघाताच्या दिशेचे शब्द आहेत. म्हणजे हात लिहिता येतो, बोलता येतो, पाठ करता येतो. युरोपातही अभिजात पियानो आणि गिटारच्या छापील प्रतींत स्वरांवर बोटांचे आकडे घालण्याची रीत जुनी आहे. तेथे संपादक शिष्याच्या हाताची काळजी वाहतो. तीच काळजी मानूश वादकाचे लेखन करताना वादकाच्या हाताची का वाहू नये?

काय करावे, तेही सांगतो. लेखनकाराने प्रत्येक ओळीखाली दोन मांडण्या द्याव्यात: पुराव्यावरून मूळ वादकाची वाटते ती, आणि स्वतःला सोयीची ती. पहिली कशावरून ठरवली ते खुणेने सांगावे. घसीट ऐकली, मोकळी तार ऐकली, चित्रपटात पाहिले, किंवा केवळ अंदाज केला. जेथे पुरावा नाही तेथे अंदाज म्हणावे. त्याने लेखनाची प्रतिष्ठा कमी होत नाही. आणि जे वादक ही परंपरा आज जगत आहेत त्यांना विचारावे, त्यांच्या समोर बसावे, त्यांचे नाव पुस्तकावर घालावे. शिकणाऱ्याने मग हवी ती मांडणी घ्यावी. तो निवडील तेव्हा काय सोडतो आहे हे त्याला ठाऊक असेल.

रोमा लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे, हे १७८२ सालापासून भाषाशास्त्र सांगत आले आहे. येक, दुय, त्रिन हे त्यांचे आकडे आपल्याला दुभाष्यावाचून कळतात. हाताला ते 'वास्त' म्हणतात. तो संस्कृतातला 'हस्त' आणि आपला 'हात'. या नात्यावरून भावुक होऊन त्यांना आपले म्हणून मिरवण्यात मला रस नाही. शब्द एक असला तरी भोगलेले वेगळे आहे. पण एक शब्द समान आहे तर त्याचा एक अर्थही समान ठेवता येईल. हात म्हणजे राबणारा अवयव, एवढेच आजवर आपल्या लोकांविषयी आणि त्यांच्या लोकांविषयी लिहिले गेले. त्या हाताने विचारही केला, हे लिहायचे राहिले आहे. ते लिहिण्याची जागा प्रस्तावना नाही. ते स्वराखाली, तारेच्या रेघेवर, आकड्यात लिहावे लागेल: पहिले बोट, दुसरे बोट, आणि हात कुठून कुठे गेला.